मुलीकडची मावशी

आमच्या मावशीला मुलं दोन. दोघांची लग्नं तिने एकेकदाच लावली, तीही कल्याणच्या एका हॉलमध्ये, 'कृपया आहेर आणू नये' असं पत्रिकेवर छापून, आटोपशीर. अर्णव सिंग रायजादाचं लग्न मात्र ती गेली कित्येक वर्षं लावतेच आहे. लखनौला लावलं, दिल्लीला लावलं, एकदा अलिबागला समुद्रकिनारी लावलं आणि एकदा, पावसात रुळांवर पाणी भरून वऱ्हाड अडकलं म्हणून, डोंबिवली पूर्वेला लावलं. मुलगी दरवेळी तीच. खुशी कुमारी गुप्ता. "एकदा बदल म्हणून दुसरी कुणी बघ की," असं मी म्हणालो, तेव्हा मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढून ती दोनच प्रसंगी बोलते. एक, समोर ऑडिटर बसला असेल तर. आणि दुसरा, अर्णव-खुशीच्या संसारात कुणी बिब्बा घालायला आलं तर.

"अरे, असं बोलू नये," ती म्हणाली. "तिच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला?"

तिला म्हणजे खुशीला.

ही मंडळी ज्यांच्या परिचयाची नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. स्टार प्लसवर जून २०११ मध्ये 'इस प्यार को क्या नाम दूँ?' नावाची मालिका सुरू झाली. अर्णव हा दिल्लीतला, फॅशनच्या धंद्यातला, श्रीमंत, तुसडा, देवाधर्माला न मानणारा आणि मधुमेही तरुण. खुशी ही लखनौची, बडबडी, सलमान खानची भक्त, उठता-बसता देवी मैयाला हाक मारणारी आणि मन बिघडलं की जिलब्या तळायला घेणारी मुलगी. मधुमेही नायकाच्या पदरात जिलबी तळणारी नायिका टाकणाऱ्या त्या लेखकांना माझा नमस्कार. पुढे यथासांग गैरसमज होतात, तो तिच्याशी सहा महिन्यांच्या करारावर बळजबरीने लग्न करतो, मग भांडता भांडता प्रेम, मग पुन्हा रीतसर लग्न. बरुण सोबती आणि सनाया इराणी या जोडीला लोकांनी असं डोक्यावर घेतलं की दोन पात्रांच्या नावांचा सांधा जुळून 'अर्ही' असा एकच जीव तयार झाला. तुर्कस्तानातसुद्धा ही मालिका गाजली. मग सोबतीने मालिका सोडायचं ठरवलं आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला, ३९८ भागांनंतर, कारभार आटोपला.

म्हणजे जगापुरता आटोपला. मावशी त्या रात्री जेवली नाही असं काका सांगतात. मावशीच्या मते तिला पित्त झालं होतं. आठवड्याभरात तिने लेकीचा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि भाग ३९९ लिहायला बसली.

दुसऱ्याची पात्रं घ्यायची, आपल्याला हव्या त्या गोष्टी त्यांच्या आयुष्यात घडवायच्या आणि आपल्याइतक्याच वेड्या माणसांना त्या फुकट वाचायला द्यायच्या, या उद्योगाला फॅनफिक्शन म्हणतात. धंद्यातली माणसं 'फिक' म्हणतात, मालिकावाल्यांत 'एफएफ'. एका बैठकीत संपणारी गोष्ट ती 'ओएस', म्हणजे वन शॉट. काकांना बरेच दिवस वाटत होतं की एफएफ ही बँकेची नवी ठेव योजना आहे. "व्याज किती?" असं त्यांनी एकदा विचारलंसुद्धा. मावशी म्हणाली, "कॉमेंटी येतात."

असल्या नादाला लागलेला माणूस म्हणजे स्वप्नाळू, अर्धवट वयाचा, उशीत तोंड खुपसून रडणारा, असा आपला समज असतो. माझाही होता. पण मावशी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होती. तिने आयुष्यात कुणाला चेकवरची खाडाखोड माफ केलेली नाही. आणि तिच्यामुळे त्या जगात जरा डोकावलो तेव्हा ध्यानात आलं, की तिथे सगळी अशीच माणसं भरली आहेत. स्वप्नाळू कुणीच नाही. कमालीची हिशेबी, नियमाला धरून चालणारी, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना दहादा विचारणारी. आपल्या पोटच्या पात्राशी लेखक वाटेल तसा वागतो. मनात आलं तर डोळे निळे करतो, मनात आलं तर ट्रकखाली घालतो. उसन्या पात्राशी असं वागता येत नाही. त्याच्या डोळ्यांचा रंग बदलला तर कोइमतूरहून पत्र येतं.

म्हणून मावशीकडे रजिस्टर आहे. हिरव्या कापडी बांधणीचं, लांबडं, पानोपानी लाल रेघ. त्यात अर्णव आणि खुशीचं सगळं आहे: कुठल्या भागात कोण काय बोललं, कुणाला कुठलं गुपित कधी कळलं, मामीजी दिवसातून किती वेळा "हॅलो हाय बाय बाय" करतात, घरातली बकरी कुठल्या प्रसंगी कुठे होती. मालिकेत जे दाखवलं ते 'कॅनन', म्हणजे प्रमाण. आपल्या मनाने धरून चाललेलं ते 'हेडकॅनन'. मावशीने त्यासाठी डावा आणि उजवा असे रकाने पाडले आहेत आणि दर महिन्याअखेर ती ते ताडून बघते. मालिकेच्या लेखकांनी स्वतःच्याच कथेत ज्या चुका केल्या त्यांची तिसरी यादी मागच्या पानावर आहे, पेन्सिलीने. "त्यांना रोज एक भाग काढायचा असायचा रे, बिचाऱ्यांना," असं म्हणून तिने त्या चुका निर्लेखित केल्या आहेत.

आणि अर्णवची साखर. तो मधुमेही आहे हे मालिकेने सांगितलं. रिपोर्ट काही दाखवले नाहीत. मावशीला हा ढिसाळपणा सहन होईना. आता काकांनाही साखर आहे. तेव्हा काकांचे रिपोर्ट आले की चार-आठ दिवसांत अर्णवचे येतात, आणि आकडे तेच येतात. काकांना हे कळलं तेव्हा ते चिडले. कथेत आपण आहोत याचं त्यांना काही नव्हतं. "मी पासष्टचा, तो तिशीतला," ते म्हणाले. "माझं एचबीएवनसी त्याला लावलंस तर लोक त्याला म्हातारा समजतील. त्याचं जरा कमी कर." मावशीने केलं. पण मग भरपाई म्हणून अर्णवच्या हातून रोज सकाळी पाच किलोमीटर चालवून घेतलं आणि "तो तिशीतला चालतो, तुम्हाला काय झालंय" म्हणून काकांनाही पिटाळलं.

लेखनाची बैठक म्हणावी तर डोंबिवली लोकलचा बायकांचा डबा. फोर्टातल्या शाखेपर्यंत जाताना आणि येताना, एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मावशी लिहायची. ठाण्याला चौथी सीट मिळाली तर दोन्ही अंगठे. मालिकेतल्या बुआजींच्या तोंडी मावशीने घातलेली जी भांडणं अंकारापर्यंत वाखाणली गेली, ती मुळात दिव्याला दारात उभ्या राहणाऱ्या बायकांची आहेत; तिने फक्त शेवटी "हाय री नंदकिसोर" जोडलं. तिच्या पहिल्या कादंबरीत अर्णव खुशीला प्रेमाची कबुली देतो ती कुर्ला आणि दादरच्या मध्ये सिग्नल मिळाला नाही म्हणून. गाडी वेळेवर असती तर बिचारा आणखी चार भाग गप्प राहिला असता.

तसा तो गप्पच असतो. फिकवाल्यांत 'स्लो बर्न' नावाचा एक प्रकार फार मानाचा. नायक-नायिकेचं जमणार हे वाचकाला पहिल्या ओळीपासून माहीत. फक्त जमू द्यायचं नाही. चाळीस भाग नुसतं बघायचं, पन्नासाव्याला बोट लागायचं, सत्तराव्याला ताप यायचा आणि कपाळावर ओल्या घड्या ठेवता ठेवता कुणीतरी रडायचं. मावशी या प्रकारातली मातब्बर मानली जाते. मला त्यात नवल वाटत नाही. तिने हयातभर कर्जप्रकरणं हाताळली आहेत. मंजूर तर करायचंच आहे, पण अजून एक कागद आणा, हे तिच्याइतकं कुणाला जमणार?

एका बाबतीत मात्र तिचं आणि जगाचं जमलं नाही. विदेशी फिकांत एक हुकमी प्रसंग असतो: नायक-नायिका प्रवासात एखाद्या लॉजवर पोचतात आणि खोलीत पलंग एकच असतो. वाचक तिथे मूर्च्छित पडतात. मावशीने हा प्रसंग लिहून पाहिला. गिरगावच्या चाळीत दीड खोलीत नऊ माणसांत वाढलेली बाई ती. तिच्या कथेत खोलीत शिरल्याबरोबर अर्णवने गादी खाली ओढली, सतरंजी आडवी टाकली, उशा उलटसुलट लावल्या आणि पाच मिनिटांत चौघांची सोय केली. प्रणय झाला नाही. झोपा मात्र छान झाल्या.

वाचकांनी तेही गोड मानून घेतलं. वाचक हा मावशीच्या आयुष्यातला मोठा ऐवज आहे. लाहोरच्या कॉलेजातली पोरगी, मॉरिशसची शिक्षिका, दुबईत पोरांना शाळेत सोडून गाडीतच बसून वाचणारी केरळी बाई, इझमीरची कुणी आजी जी भाषांतराच्या यंत्रातून वाचते आणि यंत्रातूनच रडते. सगळ्या तिला 'दी' म्हणतात. इथे तिला मॅडम, मावशी, आई, आजी, वहिनी असं सगळं म्हणून झालंय; दीदी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ही मंडळी आधी मालिकांच्या चाहत्यांच्या एका मोठ्या अड्ड्यावर जमायची आणि तिथे एक अजब चाल होती. नवा भाग पडला की वाचायच्या आधीच पहिला अभिप्राय आपला असावा म्हणून लोक नुसतं 'रेस' असं लिहून जायचे. रेस म्हणजे रिझर्व्ह्ड. सीएसटीला डोंबिवली लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकावा तसं. मग सावकाश वाचून तिथेच परत येऊन मोठा अभिप्राय भरायचा. मावशीच्या जुन्या भागांखाली असे काही रुमाल अजून पडून आहेत, ज्यांचे धनी परत आलेच नाहीत. कुणाचं लग्न झालं असेल, कुणाचा संकेतशब्द हरवला असेल. ती ते काढू देत नाही. नव्या पोरी तक्रार करतात, की दी, पहिली जागा फुकट अडली आहे. मावशी कळवते, "येईल ती. गर्दी असेल."

आणि 'सायलेंट रीडर', म्हणजे वाचतात आणि गप्प राहतात ते, त्यांच्यावर मावशीचा विशेष राग. भाग उघडल्याचा आकडा हजारात आणि अभिप्राय तेवीस, म्हणजे बाकीची रक्कम गेली कुठे? बँकेत असा फरक निघता तर रात्री दहापर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

भागाच्या सुरुवातीला लेखकाने चार ओळी आपल्याबद्दल लिहायची पद्धत आहे. यात लोक काय काय लिहितात ते वाचून काळजाचं पाणी होतं: उशीर झाला, माफ करा, माझं अपेंडिक्स फुटलं होतं, उशीर झाला, घराला आग लागली होती, हा भाग मी प्लास्टरमधल्या हाताने टाइप केला आहे. माणसं मरणाच्या दारातून परत येतात आणि आधी वाचकांची माफी मागतात. मावशी यात मागे नाही. दर वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती लिहायची, "आता १५ एप्रिलपर्यंत भेट नाही, इयर एंडिंग आहे." बाहेरच्या देशांत पुष्कळांचा समज झाला की हा हिंदूंचा कडक उपवासाचा सण असावा. इझमीरच्या आजींनी एका वर्षी तिला यंत्रातून शुभेच्छा पाठवल्या: तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला मार्चअखेरच्या हार्दिक शुभेच्छा, देव तुमची प्रार्थना स्वीकारो. मावशीने तो कागद छापून शाखेत लावला. मॅनेजरसाहेबांनाही आवडला.

सगळ्यात बिकट प्रसंग आला तो ८ नोव्हेंबर २०१६ ला. त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मावशीने भाग टाकला. भागाच्या शेवटी यमुना एक्स्प्रेसवेवर अर्णवची गाडी उलटते, त्याला आयसीयूत नेतात, डॉक्टर बाहेर येऊन तोंडावरचा मास्क खाली करतात, आणि क्रमशः. अर्ध्या तासात पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद, तिसऱ्या दिवशी रांग स्टेशनपर्यंत. मावशी सकाळी सातला बाहेर पडायची आणि रात्री अकराला यायची. बोटांना नोटांचा वास. भाग कसला लिहिते!

इकडे नायक आयसीयूत. पहिला आठवडा वाचक सभ्य होते. दुसऱ्या आठवड्यात विनवण्या सुरू झाल्या. दी, तो शुद्धीवर येतो एवढंच सांग. तिसऱ्या आठवड्यात लाहोरच्या पोरीने बातम्यांत रांगा पाहिल्या आणि सगळ्यांना कळवलं, की इंडियात नोटांची काही गडबड चालू आहे, दींना त्रास देऊ नका, बहुतेक त्यांच्याकडे सुटे पैसे नसतील. मॉरिशसच्या बाईंनी पैसे पाठवू का विचारलं. जुन्या नोटा भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. नव्या वर्षात मावशीने भाग टाकला आणि वर लिहिलं: "उशीर झाला, क्षमस्व. देशाच्या नोटा बदलून देत होते."

अर्णव शुद्धीवर आला. पण घाईत मावशीने त्याला सलाइन लावलं होतं ते ग्लुकोजचं. चेन्नईच्या एक डॉक्टरीणबाई त्याच रात्री दारात उभ्या: दी, हा पेशंट डायबेटिक आहे, याची शुगर कोण बघतंय? मावशीला भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ग्लुकोज उतरवून साधं सलाइन चढवलं, वॉर्डातल्या नर्सची बदली केली आणि मगच डबा उघडला.

नंतर ती 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाच्या संग्रहात गेली. ही जागा फिकवाल्यांनीच उभी केलेली. २००९ पासून वाचकांसाठी खुली आहे, जाहिरात नाही, फी नाही, सगळा कारभार स्वयंसेवकांचा आणि खर्च देणग्यांतून. मावशीला तिथे माहेरी आल्यासारखं झालं, कारण तिथे टॅग आहेत. प्रत्येक गोष्टीला आधी लेबलं लावायची: पात्रं कोण, जोडी कुठली, वयोगट कोणता, कुणी मरतं का, शेवट गोड आहे का. आणि लोकांनी वाटेल तशी लिहिलेली ही लाखो लेबलं एकसारखी करून योग्य खात्याला वर्ग करायला माणसं नेमलेली आहेत, तीही बिनपगारी. "जगात एवढं चोख काम फुकट कोण करतं सांग," मावशी गहिवरून म्हणाली. प्रौढांसाठीचे भाग तिने त्याआधी निरोपातूनच धाडले होते, मागणाऱ्याने वय अठरा पूर्ण असल्याचं स्वतंत्र लिहून दिल्यावर. ती त्याला केवायसी म्हणते. मी ते भाग वाचलेले नाहीत. भाच्यांचा अर्ज ती घेत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये डब्लिनला विज्ञानकथावाल्यांच्या मेळाव्यात या आर्काइव्हला ह्युगो पुरस्कार मिळाला. मावशीने शाखेत पेढे वाटले.

"काय विशेष, मॅडम?"

"पुरस्कार मिळाला. साहित्याचा."

"अरे वा! कुणाला?"

"आम्हा सगळ्यांना."

सगळे म्हणजे लाखो लेखक. कॅशियरने कॅल्क्युलेटर काढून प्रत्येकी किती येतो ते काढायला घेतलं, तेव्हा मावशीने त्याच्या हातातला पेढा परत घेतला.

तिच्यावर आळ एकदाच आला, तो 'मेरी सू'चा. ही फॅनफिक्शनमधली सगळ्यात झोंबणारी शिवी. १९७३ साली पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या एका अनियतकालिकात नमुना लिहिला: लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, सगळ्यांत हुशार, सगळ्यांत सुंदर, सगळे तिच्या प्रेमात. लेखिकाच वेष पालटून कथेत घुसली की तिला तेव्हापासून मेरी सू म्हणतात. आता मावशीच्या एका कथेत रायजादांचा धंदा बुडायच्या बेतात असताना मुंबईहून एक बँक अधिकारी येते. नारायणपेठी साडी, केसांत अबोलीचा गजरा, ओठांवर स्मित. ती एका बैठकीत ताळेबंदातली चोरी पकडते, खलनायक श्यामला सही जुळत नाही म्हणून पोलिसांत देते, अर्णवला बायकोशी कसं वागावं ते चार शब्दांत सांगते, सगळ्यांसाठी पुरणपोळ्या करते (त्याच्यासाठी बिनसाखरेची) आणि रात्रीच्या गाडीने निघून जाते. जाताना अर्णव वाकून नमस्कार करतो. ढाक्याच्या एका चोखंदळ वाचकिणीने खाली दोनच शब्द लिहिले. मावशी आठ दिवस कुणाशी बोलली नाही. मग म्हणाली, "ती मी नव्हेच. मी अबोली कुठे माळते?"

मी मराठीत दिवाळी अंकांतून कथा लिहितो. पुरस्कार नाहीत, पण परीक्षणांत 'आश्वासक' म्हणतात. तेव्हा एकदा, जरा वरच्या पट्टीत, मी तिला विचारलं की एवढं लिहितेस तर स्वतःची पात्रं का नाही निर्माण करत? चष्मा टेबलावर आला.

"मोरोपंतांनी रामायणं किती लिहिली?"

"एकशे आठ."

"राम त्यांचा होता?"

मी गप्प. मोरोपंतांचं एक रामायण निरोष्ठ आहे, म्हणजे उच्चारताना ओठाला ओठ लागणार नाही असं. त्यात रामाला राम म्हणायची चोरी. बारामतीला बसून, कुणी सांगितलं नसताना, असली अट स्वतःवर घालून घेणाऱ्या माणसाला आज आर्काइव्हवर फार कौतुक मिळालं असतं. मावशी पुढे 'जांभूळ आख्याना'वर आली. द्रौपदीच्या मनात कर्ण होता, हे व्यासांच्या पदरचं आहे का? लोकांनी जोडी जुळवली आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ती थिएटरं भरभरून गायली. 'मृत्युंजय' वाचून तू रडलास ना? कर्ण सावंतांचा होता? योगायोग असा, की 'मृत्युंजय' १९६७ चं आणि 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी स्वतः छापून काढलेला 'स्पॉकानालिया' हा अंकही १९६७ चाच. कोल्हापूरला एकाला कर्णाची झोप लागू देईना आणि अमेरिकेत काहींना स्पॉकची. "आणि डॉइलसाहेब," मावशीने शेवटचा पत्ता टाकला. "१८९३ साली होम्सला धबधब्यात ढकलून मोकळे झाले. लोकांनी ऐकलं? १९०३ साली मुकाट्याने परत आणावा लागला. मूळ लेखकाला सगळंच कळतं असं धरून चालू नये."

या बोलण्यात पुढे माझ्याच घरावर वीज पडणार आहे, हे मला तेव्हा दिसलं नाही.

मधे एक उपद्व्याप मी केला. ओळखीच्या एका प्रकाशकाला मावशीचा आवाका सांगितला. तो म्हणाला, नावं बदला, मी छापतो. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' नाही का, मुळात 'ट्वायलाइट'ची फॅनफिक्शनच होती, नावं बदलली आणि बाईंनी बंगले बांधले. मावशी तयार नव्हती, पण काकांनी टीडीएस किती कापतात इथपर्यंत चौकशी केल्यावर बसली. अर्णवचा अनिकेत करायचा, खुशीची मृणाल. मूळ लेखन इंग्रजीत, संवाद हिंदीत. मी संगणकाला हुकूम दिला आणि क्षणात साडेचारशे पानं बदलली. मावशीने मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर नानीजी म्हणाल्या, "आपसे मिलकर बड़ी मृणाल हुई." पुढे बुआजींच्या डोळ्यांत मृणाल के आँसू आले. आणि शेवटी सगळं घर मृणाल-मृणाल सो गया.

ते तर निस्तरता आलं असतं. पण दहाव्या पानावर मावशीचा आवाजच बसला. "हा अनिकेत कोण?" ती म्हणाली. "याची शुगर किती, मला काय माहीत?" प्रकाशकाला मी नकार कळवला. तो म्हणाला, बाईंना व्यवहार कळत नाही. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईबद्दल!

गेल्या दिवाळीत माझी कथा आली. दुष्काळी मुलूख, सोलापूरकडचं गाव, नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू छळणारी, नायिका सोसत सोसत शेवटी विहीर जवळ करते. चांगली झाली होती. एका परीक्षणात 'दाहक' असा शब्द आला. मावशीने अंक विकत घेऊन वाचला आणि रात्री साडेअकराला फोन केला.

"अरे, पहिल्या पानावर तीन वर्षं पाऊस नाही म्हणतोस."

"हो."

"टँकर येतो म्हणतोस. आड आटला म्हणतोस."

"हो, ते वातावरण..."

"मग विहिरीत बुडायला पाणी कुठून आणलंस?"

मराठी कथेत गावाला प्यायला नसलं तरी नायिकेपुरतं पाणी विहिरीत असतंच, ही परंपरा तिला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं. मग काही दिवस फोन नाही. मग एक दुवा आला. मावशीने पहिल्यांदाच मराठीत लिहिलं होतं. नायिका विहिरीत उडी टाकते. विहीर कोरडी. घोटा मुरगळतो. तळाशी बसून तिला कळतं की इथे गाळ उपसला तर झरा लागेल. लोक तिला वर काढतात, मग गाळ काढतात. पुढे बचत गट, मुद्रा योजनेतून शिशु गटातलं पन्नास हजारांचं कर्ज, शेंगाचटणीचा कारखाना. कर्जाचे कागद तपासायला मुंबईहून एक बँक अधिकारी येते. साडी नारायणपेठी. गजरा या खेपेला मोगऱ्याचा. सासू सुधारते, नवरा परत येतो, त्याला मात्र नायिका अकरा भाग झाले तरी अजून घरात घेत नाहीये. स्लो बर्न.

खाली अभिप्रायांची रांग लागली होती. सांगलीहून, सिंगापूरहून, न्यू जर्सीहून. चटणीत लसूण किती, अशी विचारणा दोघींनी केली होती. माझ्या मूळ कथेवर आजवर एक पोस्टकार्ड आलं आहे, तेही वर्गणी संपल्याचं.

मी पुन्हा वर गेलो. टॅग व्यवस्थित लावले होते: दुष्काळ, सासुरवास, मूळ कथेत मेलेलं पात्र इथे जिवंत, विहीर कोरडी, शेवट गोड, केवायसी पूर्ण. आणि त्याखाली, नियमाप्रमाणे, ठळक अक्षरात:

"यातली पात्रं माझी नाहीत. माझ्या भाच्याची आहेत. त्याच्याकडे त्यांचे फार हाल होत होते."